लाल शाईने सांगितलेलं

विज्ञानाच्या लोकाभिमुख कार्यक्रमांचं मूल्यमापन करणं हे माझं काम. आयोजकांना बहुतेक वेळा दोनच आकडे हवे असतात: किती लोक आले आणि किती जणांना आवडलं. दुसरा आकडा नेहमीच भरघोस येतो. विज्ञान प्रदर्शनाला येणाऱ्यांना बहुधा विज्ञानाची आवड आधीपासूनच असते, आणि उत्साही स्वयंसेवकाने हातात अभिप्रायाचा अर्ज दिला की 'ठीकठाक'वर खूण करायला मन धजत नाही. पण लोकांना काही उमगलं का, हे त्या अर्जांतून कळत नाही.

म्हणून एका विज्ञान प्रदर्शनात मी ऋतूंच्या दालनाबाहेर कोरे कागद घेऊन बसले. आत जाणाऱ्याला एकच विनंती: उन्हाळा का येतो ते निळ्या पेनाने लिहा किंवा चित्र काढून दाखवा. बाहेर येताना तोच कागद पुन्हा हाती द्यायचा, पेन मात्र लाल. हवं ते खोडा, हवी ती भर घाला. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांच्या अभ्यासात रूढ केलेल्या पद्धतीचं हे साधं रूप.

आतलं मॉडेल देखणं होतं. पिवळा सूर्य, भोवती चकाकत्या पट्टीची कक्षा, तिच्यावरून सरकणारी पृथ्वी. गर्दी हटत नव्हती. अर्जांच्या पेटीत हसऱ्या चेहऱ्यांवरच्या खुणा साचत होत्या. माझ्याकडची लाल शाई मात्र वेगळंच सांगू लागली.

एका बाईंनी आत जाताना लिहिलं होतं, 'नक्की माहीत नाही.' बाहेर आल्यावर त्यांनी लाल पेनाने लांबट कक्षा काढली, सूर्याजवळच्या टोकाला 'उन्हाळा' लिहिलं, लांबच्या टोकाला 'हिवाळा'.

"ताई, असं आत कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच की मॉडेलमध्ये!"

पुढचे कागद मी भराभर चाळले. तशीच लांबट कक्षा पुन्हा पुन्हा आली होती. काहींनी आधीचं बरोबर उत्तर खोडून हे लिहिलं होतं. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं.

पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२ कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्धात हिवाळा असतानाच ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ऋतू होतात ते तिचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे. जो गोलार्ध सूर्याकडे कललेला, तिथे किरण जास्त सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो. स्वयंसेविका हेच सांगत होती आणि छान सांगत होती, मी आत उभी राहून ऐकलं. पण शेकोटीजवळ गेलं की ऊब वाढते हा प्रत्येकाचा अनुभव आणि ती ताणलेली पट्टी त्याला दुजोरा देणारी. लोकांची डोकी कोरी असतात, माहिती ओतली की झालं, या समजुतीला विज्ञानसंवादाचे अभ्यासक 'डेफिसिट मॉडेल' म्हणतात. इथे डोक्यात आधीच एक स्पष्टीकरण होतं, आणि मॉडेलने तेच पक्कं केलं.

आयोजकांना कागद दाखवले. "मॅडम, लोक खूश आहेत ना?" ते म्हणाले. मी त्या बाईंचा कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि पट्टी काढायला सांगितली.

दुपारनंतर मधोमध दिवा ठेवला. स्वयंसेविकेने कललेला पृथ्वीगोल हातात धरला, अक्ष एकाच दिशेला ठेवून ती दिव्याभोवती सारख्या अंतरावरून फिरली. पण त्याआधी प्रश्न: "जवळ आल्याने उन्हाळा होत असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या गोलार्धात हिवाळा कसा?" लोक गप्प होत, मग आपसांत वाद घालू लागत. संध्याकाळच्या कागदांवर लाल शाईत कललेले अक्ष दिसू लागले.

आयोजकांना हा फरक लगेच अहवालात हवा होता. मी दिला, पण अटीसह. संध्याकाळी आलेले लोक सकाळच्या लोकांपेक्षा वेगळे असू शकतात, आणि दारातून बाहेर पडताना आठवणारं काही महिन्यांनीही आठवेल याची खात्री नाही. त्यामुळे पुढच्या प्रदर्शनात जुनं आणि नवं मॉडेल तासातासाने आलटूनपालटून लावायचं ठरलं, आणि ज्यांची परवानगी मिळेल त्यांना तीन महिन्यांनी फोन करून पुन्हा तोच प्रश्न विचारायचा.