कंडक्टरची पहिली पायी वारी

मी एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होतो. त्यातल्या बहुतेक आषाढ्या पंढरपुरात गेल्या, पण ड्युटीवर. यात्रेच्या जादा गाड्या लागायच्या, तात्पुरत्या स्थानकाच्या चिखलात गाडी उभी करायची, लांबूनच कळसाला हात जोडायचे आणि परतीची गाडी भरायची. परतताना वारकरी सीटवर बसल्या बसल्या झोपी जायचे. तिकिटाला वाकलो की त्यांचे पाय दिसायचे. भेगाळलेले, चिखल वाळून पांढरे पडलेले, कुणाच्या अंगठ्याला चिंधी. ते पाय बघून दरवर्षी मनात यायचं, एकदा आपणही चालत यायचं.

३१ जानेवारी २०२४ ला रिटायर झालो. त्या वर्षी माउलींची पालखी आळंदीहून २९ जूनला निघणार होती. म्हणजे हातात पाच महिने होते.

आम्ही साताऱ्याचे. आज माउलींचा सोहळा ज्या शिस्तीत चालतो ती शिस्त घालून देणारे हैबतबाबा आमच्याच तालुक्यातल्या आरफळचे. शिंदे सरकारांच्या पदरचे सरदार, सगळं सोडून आळंदीला गेले आणि १८३२ च्या सुमाराला त्यांनी पालखीचा हा सोहळा सुरू केला. लहानपणापासून हे ऐकलेलं, त्यामुळे जायचं तर माउलींबरोबरच, हे ठरलेलं होतं.

सगळ्यात आधी डॉक्टरांकडे गेलो, आणि हे बरं झालं. हलत्या गाडीत दांडीला पाठ टेकून उभं राहण्यात उमर गेली, त्यामुळे डाव्या पोटरीवर निळ्या शिरांची जाळी उठली होती. घरच्यांना वाटत होतं डॉक्टर नको म्हणतील. त्यांनी शिरांची डॉप्लर तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट बघून सांगितलं, "चाला. चालण्यानं शिरांना मदतच होते. तुमच्या पायाला त्रास आहे तो एका जागी उभं राहण्याचा." पोटरी आवळून धरणारे मोजे लिहून दिले. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय खाली टेकायच्या आत ते चढवायचे. रात्री अर्धा तास पाय उंचावर ठेवायचे.

ते मोजे चढवणं सोपं नाही. आधी टाचेपर्यंत उलटे करून घ्यायचे, पाऊल आत सरकवायचं, मग तळहातानं थोडं थोडं वर ओढत न्यायचं. कुठेही घडी राहिली तर तिथे वळ उठतो. पाय ओला असेल तर मोजा हलतच नाही. सुरुवातीला दहा मिनिटं लागायची. राहुटीत पहाटे तीनला दिवा नसणार, शेजारी माणसं झोपलेली असणार, हे डोक्यात घेऊन मी घरात अंधारात, आडवा पडून सराव केला. महिनाभरात दोन मिनिटांवर आलो.

दिंडी मिळाली ती शेजारच्या आळीतल्या नानांमुळे. त्यांच्या वीस-बावीस वाऱ्या झालेल्या. रथामागच्या एका दिंडीत त्यांनी माझं नाव घातलं, मी भिशी भरली. भिशी म्हणजे दोन वेळचं जेवण, राहुटी आणि सामानाचा ट्रक, या सगळ्याचे पैसे. तुळशीची माळ मी चैत्रातच घातली. मासे सुटतील की नाही याची धाकधूक होती, ते आठवड्यात सुटले. चहा कमी करायला मात्र फार दिवस गेले.

चालण्याचा सराव मी माझ्या हिशेबानं सुरू केला होता. पहाटे घरातून निघून संगम माहुलीपर्यंत, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पाय धुवायचे आणि परत. पुढे दर रविवारी यवतेश्वरचा घाट. एप्रिलपर्यंत मी झपाझप चालायला लागलो होतो, दम लागत नव्हता. नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, एवढ्या जोरात तिथं कोण चालू देणार तुम्हाला?"

मग त्यांनी समजावलं. दिंडीत रांगेनं चालायचं. पुढे पताका, मग टाळकरी आणि मृदंग, त्यांच्यामागे वीणेकरी, मग तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या माउली. पुढची दिंडी थांबली की आपण थांबायचं. कधी दहा पावलांत थांबायचं, कधी अर्धा तास एकाच जागी. हाताला टाळ, तोंडात अभंग. विसाव्याला मिळेल तिथे खाली बसायचं आणि हाक आली की उठायचं. "चालणं होतंच हो," नाना म्हणाले, "जमिनीवरनं उठायची सवय करा. दिवसातनं वीस वेळा उठावं लागतं."

म्हणजे डॉक्टरांनी ज्याची भीती घातली होती तेच पुढे होतं, थांबणं आणि उभं राहणं. तेव्हापासून सराव बदलला. नानांबरोबर संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला उभा राहायला लागलो, गळ्यात टाळ अडकवून. पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचणं, शिकलो. उभं असताना टाचा वरखाली करायच्या, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा, हे डॉक्टरांनी दाखवलं होतं, ते आणि पावली एकच निघाले. पावलीत पाय थांबतच नाहीत. घरात सोफ्यावर बसणं सोडलं. जेवायला, पेपर वाचायला, टीव्हीला खाली बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पहिले काही दिवस गुडघे कुरकुरले, मेपर्यंत सवय झाली.

एका गोष्टीचा सराव मला करावा लागला नाही, ती म्हणजे झोप. मुक्कामी गाडीवर असताना देवळात, शाळेच्या ओट्यावर, गाडीच्या सीटवर, जिथे पाठ टेकेल तिथे झोपलोय आणि पहाटेच्या गाडीला वेळेवर उठलोय. इतक्या वर्षांच्या नोकरीनं दिलेली ही देणगीच म्हणायची.

बुटांच्या बाबतीत चूक झाली. मापाचे नवे बूट सकाळी दुकानात जाऊन घेतले आणि तिसऱ्याच दिवशी ते घालून आरफळला निघालो. अर्ध्या वाटेत उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड. गावाकडे सुईनं दोरा ओवून फोड फोडतात, तसं करायला निघालो होतो, पण डॉक्टरांनी अडवलं. वरची कातडी हेच औषध, ती राहू द्या, चिकटपट्टी लावा, म्हणाले. आठ दिवस चालणं बंद. दुसरे बूट मग संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो, आणि अर्ध्या नंबरनं मोठे घेतले. आळंदीला नेईपर्यंत ते चांगले मळवले. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, वारीत नवीन काहीही घालू नका, बनियनसुद्धा.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट, आणि त्याच दिवशी एकादशी असते. म्हणून मी घरी एकादशीला मुद्दाम लांब चालून बघितलं. साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालो तर पोट जड आणि घशाशी आंबट. पुढच्या एकादशीला केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि सैंधव घातलेलं लिंबू सरबत घेतलं, ते मानवलं.

सामानाची दोन गाठोडी होतात. वळकटी, ताट-पेला, जादा कपडे हे ट्रकमध्ये जातं, आणि ट्रक सकाळीच पुढच्या मुक्कामाला निघतो. मग संध्याकाळपर्यंत खांद्यावरच्या पिशवीत असेल तेवढंच आपलं. बीपीच्या गोळ्या, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा कागद, टॉवेल, चिकटपट्टी आणि गळ्यात नाव-पत्ता-औषधांची चिठ्ठी. बायकोनं ती चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून कडेनं टाके घातले. "अहो, मोबाइल बंद पडला तर हीच उपयोगी पडेल," म्हणाली.

एवढं करूनही दिवे घाटाच्या दिवशी एक राहिलंच. कोरडे मोजे ट्रकमध्ये दिले. घाटात रथाला जादा बैलजोड्या लागलेल्या, सगळा डोंगर पताकांनी भरलेला, मागून पुढून एकच गजर. पाय दुखतायत हे कळलंसुद्धा नाही. सासवडला पोचल्यावर मात्र गर्दीत ट्रक अडकला आणि घामानं भिजलेले मोजे तसेच पायात राहिले. रात्री उशिरा ते सोलून काढले तेव्हा टाचेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, एका बाजूनं सुटलेली. दिंडीतल्या एका आजींनी काही न विचारता माझं पाऊल मांडीवर घेतलं, पदरानं कोरडं केलं, खोबरेल चोळलं. मी संकोचून पाय मागे घेत होतो. "राहू दे रे माउली," म्हणाल्या. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो म्हणून टाच सावरली. त्या दिवसापासून मोज्यांचा एक जोड कायम खांद्यावर.

नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान झालं, पूल ओलांडून पालखी आमच्या सातारा जिल्ह्यात आली आणि लोणंदला तळ पडला. बायको साताऱ्याहून गाडीनं आली, निम्म्या तिकिटात. आल्या आल्या तिनं माझे बूट काढायला लावले, टाच दाबून बघितली, डाव्या पोटरीवरून हात फिरवला. "सूज नाही," म्हणाली आणि मग डब्यातला चिवडा राहुटीतल्या सगळ्यांना वाटत बसली.

वाहतूक वळवलेली होती, गाड्या गावाबाहेरून सुटत होत्या. तिला सोडायला तिथपर्यंत गेलो. गाडीतल्या कंडक्टर पोरानं गळ्यातला टाळ बघून मला वाकून नमस्कार केला, मीही त्याला केला. त्यानं डबल बेल दिली. मी भराभर तळाकडे निघालो, सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या समाजआरतीला पोचायचं होतं.