पडद्यावरचा एक शब्द

मी इस्राएलमधल्या रामल्यात राहते. आजी पेणहून इथे आली, त्यामुळे घरात मराठी, बाहेर हिब्रू आणि अरबी बाजारापुरती. 2021च्या मे महिन्यात शेजारच्या लोदमध्ये आणि आमच्या गावातही ज्यू-अरब दंगल झाली. त्यानंतर नेहमीच्या अरब भाजीवाल्याकडे जायला माझे पाय अडखळले. त्याची लाज वाटली, म्हणून दोन्ही समाजांच्या एका हौशी नाटकमंडळीत नाव दिलं.

माझ्याकडे संवादांच्या भाषांतराच्या, पडद्यावर दाखवायच्या हिब्रू ओळी आल्या. अरबी ओळी एक अरब फार्मासिस्ट करायची. तीच मला तिकडचे संवाद समजावून द्यायची.

संहिता नव्हतीच. दिग्दर्शिकेनं प्रत्येकाला घरची एक तारीख आणायला सांगितली. (तारीख शब्द तिन्ही भाषांत चालतो. अरबीत त्याचा अर्थ इतिहासही होतो.) मी 1964 आणलं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या, ज्यूपणावर शंका घेतली जात होती, म्हणून आजी तेव्हा जेरुसलेमला धरणं धरून बसली होती.

ऐंशीच्या एका बाईंना सगळे ‘खालती’ म्हणायचे, म्हणजे मावशी. त्यांनी जुलै 1948 आणला. तेव्हाच्या अरब-इस्राएल युद्धात इस्राएली सैन्यानं लोद-रामल्यातून हजारो अरबांना बाहेर काढलं, त्यांत त्यांचे मामा भर उन्हात रामल्ला या दुसऱ्या शहराच्या दिशेनं चालत गेले. त्यांचा शब्द होता ‘तहज्जरू’, म्हणजे ‘विस्थापित केले गेले’. मी हिब्रूत ‘आझवू’ लिहिलं, म्हणजे ‘सोडून गेले’. ज्यू प्रेक्षक दुखावू नयेत म्हणून.

तालमीत खालती मधेच थांबल्या. आमच्यातल्या सगळ्या अरबांना हिब्रू वाचता येतं, ज्यूंना अरबी येत नाही, याचा मी विचारच केला नव्हता. “मामा काय हवापालटाला गेले होते?” त्यांनी विचारलं.

मी ‘गोर्शू’ सुचवलं, म्हणजे ‘हाकलले गेले’. एका ज्यू गृहस्थांनी जोरात हरकत घेतली. त्यांचे वडील 1951मध्ये बगदादचं घरदार मागे ठेवून आले होते. “मग माझ्या बाबांसाठी कुठला शब्द?” तीन तालमी यातच गेल्या. बाबांची गोष्ट नाटकात यायलाच हवी होती, पण त्यासाठी खालतींचा शब्द सौम्य करणं चूक, असं मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलले. शेवटी तो शब्द राहिला आणि बगदादचा प्रवेशही आला. त्यातली अरबी वाक्यं त्या गृहस्थांना खालतींनी पाठ करून दिली.

प्रयोगाआधी खालतींनी विचारलं, “तो शब्द पडद्यावर किती वेळ राहील?”

“तुम्ही पुढचं वाक्य म्हणेपर्यंत,” मी म्हटलं.

त्या बराच वेळ थांबल्या. मी बटणावरचं बोट उचलून घेतलं.