हीटर पाच डिग्रीने वाढवला तर काय होतं

टेक्श्चरायझिंगला, म्हणजे सपाट पॉलिस्टर यार्नला (धाग्याला) वळणं देऊन फुगवण्याच्या कामात, बल्क (यार्नचा फुगीरपणा) कमी आला की सगळ्यांचा हात आधी प्रायमरी, म्हणजे मशीनवरच्या पहिल्या हीटरच्या सेटिंगवर जातो, वाढव पाच डिग्री, बघू. बऱ्याचदा काम होतंही, पण त्या पाच डिग्रीने बाकी काय काय हललं ते पुढे डाइंगला गेल्यावर कळतं आणि तोपर्यंत माल पॅक झालेला असतो.

मुळात हीटरचं काम काय, तर पीओवाय (अर्धवट ताणलेला कच्चा पॉलिस्टर धागा) ताणला जात असताना त्याला फिरत्या डिस्कनी पीळ दिलेला असतो आणि तो पिळलेल्या अवस्थेतच गरम करून सेट करायचा. पॉलिस्टर साधारण 70-80 डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि 255-260 ला वितळतं, म्हणून नेहमीचे कॉन्टॅक्ट हीटर या दोन्हीच्या मध्ये, 160 ते 220 च्या पट्ट्यात चालवतात. गरम झाल्यावर पॉलिमरच्या साखळ्या सैल होतात, नव्या जागी बसतात, क्रिस्टल वाढतात आणि कूलिंग प्लेटवर थंड झालं की तो आकार पक्का होतो, मग पीळ उलगडला तरी फिलामेंट (यार्नमधला एकेक बारीक तंतू) वळण विसरत नाही.

आता एक गोष्ट जी बरेच जण धरत नाहीत, डिस्प्लेवरचा आकडा हीटरचा असतो, यार्नचा नाही. दोन मीटरचा हीटर आणि 600 मीटर प्रति मिनिट स्पीड म्हणजे यार्न आत असतं फक्त 0.2 सेकंद, 800 केलं की 0.15. म्हणजे सेटिंगला हात न लावता नुसता स्पीड वाढवला तरी यार्न कमी तापतं, आणि डेनिअर (यार्नच्या जाडीचं माप) जाड असेल तर अजूनच. बारीक डेनिअरला जाड डेनिअरचं सेटिंग ठेवलं तर उलटा घोळ.

तापमान वाढवत नेलं की क्रिम्प कॉन्ट्रॅक्शन (क्रिम्पमुळे, म्हणजे वळणांमुळे, यार्न आखडण्याचं प्रमाण) वाढतं, क्रिम्प टिकतोही जास्त, टेन्शन थोडं उतरतं. पण एका हद्दीनंतर फिलामेंट एकमेकांना चिकटायला लागतात, पीळ नीट उघडत नाही, यार्न बोटांतून सरकवलं तर मध्येच बारीक कडक तुकडा लागतो, तो टाइट स्पॉट. स्ट्रेंग्थ पडते, फिलामेंट तुटतात आणि पॅकेजच्या कडेला लव आल्यासारखी दिसते. तिथून पुढे बल्कही वाढत नाही, मग कशाला तापवायचं?

खरी गंमत डाइंगमध्ये आहे. डिस्पर्स डाय (पॉलिस्टरला वापरतात तो रंग) यार्नच्या अमॉर्फस, म्हणजे क्रिस्टल नसलेल्या भागात शिरतो, त्यामुळे तापमान वाढलं, क्रिस्टल वाढले की शेड आधी फिकी होत जाते, पण एका टप्प्याला खाली टेकून परत गडद व्हायला लागते कारण क्रिस्टल मोठे होतात आणि मधल्या जागा मोकळ्या होतात. म्हणजे एखादी पोझिशन (मशीनवरची एका यार्नची जागा) फिकी आली तर तिचा हीटर गरम आहे की थंड हे नुसत्या शेडवरून सांगताच येत नाही, आपण त्या वळणाच्या कुठल्या बाजूला चालतोय हे माहीत पाहिजे! पोझिशनवार यार्न घेऊन होजरी ट्यूब (मोज्यासारखी नळी) विणून रंगवली की एका पोझिशनचा पट्टा वेगळा उठून दिसतो, कधीकधी दोनचार डिग्रीच्या फरकानेही. पण असा पट्टा आला की मी तरी आधी टेन्शन आणि यार्नचा पाथ बघतो, हीटरच्या ट्रॅकवर स्पिन फिनिशचा (यार्नला लावलेल्या तेलाचा) थर जमलाय का ते बघतो, यार्न ट्रॅकला नीट टेकत नसेल तर आकडा बरोबर दाखवूनही ती पोझिशन थंडच चालते. हे सगळं ठीक असेल तरच सेन्सर.

सेकंडरी, म्हणजे पीळ उलगडल्यानंतरच्या दुसऱ्या हीटरचा हिशोब वेगळा. तिथे ओव्हरफीड देऊन, म्हणजे बाहेर ओढलं जातं त्यापेक्षा जास्त वेगाने आत देऊन, यार्न थोडं सैल सोडतात, त्यामुळे स्ट्रेच आणि बल्क कमी होतो, उकळत्या पाण्यातलं श्रिंकेज आणि टॉर्क (यार्नची स्वतःभोवती वळायची ओढ) उतरतो. जास्त स्ट्रेचचा माल हवा असेल तर तो बंदच ठेवतात. त्यामुळे बल्क कमी येतोय आणि सेकंडरी चालू आहे तर आधी तो आणि त्याचं ओव्हरफीड बघा, प्रायमरीला नंतर हात लावा.