भिंतीवरचे अकरा : कोल्हापूरच्या तालमी आणि त्यांचे जुने खेळाडू

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कोल्हापुरात उतरलो. अंबाबाईचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली, पण आलो होतो ते फुटबॉलसाठी. सामना तर बघायचाच होता. त्याहून जास्त ओढ होती ती इथल्या तालमी आपल्या जुन्या, गाजलेल्या खेळाडूंना कसं जपतात हे बघायची.

ही ओढ लागली कोलकात्यात. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मैदानावर मोहन बागान क्लबात गेलो होतो. 1911 साली ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट संघाला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या अकरा जणांना तिथे आजही 'अमर एकादश' म्हणतात. त्यातले दहा जण अनवाणी खेळले होते. तो सामना 29 जुलैचा. ती तारीख क्लब दरवर्षी 'मोहन बागान दिवस' म्हणून पाळतो आणि 2001 पासून 'मोहन बागान रत्न' हा मान देतो. पहिले मानकरी क्लबाचे जुने खेळाडू शैलेन मन्ना. तिथलेच दुसरे गाजलेले खेळाडू चुनी गोस्वामी यांच्या नावाचं प्रवेशद्वार 2023 मध्ये झालं, तेव्हा उद्घाटनाला आपले सुनील गावसकर गेले होते. शंभरावर वर्षं उलटली तरी त्या अकरांची नावं तिथली शाळकरी पोरं सांगतात. परत येताना सारखं वाटत होतं, महाराष्ट्रात फुटबॉल रक्तात असलेलं गाव एकच, मग तिथे काय असेल?

तर कोल्हापुरात पुतळा नाही, पुरस्कारांचा मोठा सोहळा नाही. इथे आहे तालीम. मुळात कुस्तीच्या तालमी या. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती. त्याच तालमींच्या पोरांनी पुढे फुटबॉल उचलला, म्हणून संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम अशी. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब ही त्याच पंगतीतली नावं. संघ कुणा मालकाचा नाही, पेठेचा. त्यामुळे खेळाडूचा मानही पेठच ठेवते, घरच्या माणसाचा ठेवावा तसा.

एका ओळखीच्या पोराने मला संध्याकाळी त्यांच्या तालमीत नेलं. तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे पाहिलं ते आणखी दोन ठिकाणीही तसंच दिसलं. आत शिरल्याबरोबर समोरची भिंत वरपासून खालपर्यंत फोटोंनी भरलेली. कृष्णधवल, पिवळे पडलेले, काहींच्या काचेला तडा गेलेला. आपल्याकडे भिंतीवर फोटो लागला की माणूस गेला असं धरतात. इथे तसं नाही. जिवंत माणसंही त्याच भिंतीवर. फरक फक्त हाराचा. चंदनाचा हार असेल तो गेलेला, नसेल तो अजून संध्याकाळी कट्ट्यावर येतो.

त्यातलेच एकजण तिथे बसलेले होते. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हणालो. "बसा की पावणं, चहा घ्या आधी," म्हणाले. एके काळचे लेफ्ट विंगर. त्यांचा फोटो त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता, हाराशिवाय. दुसऱ्या दिवशी तालमीचा सामना होता, म्हणून एका पोराने नवा चेंडू आणून त्यांच्या हातात दिला. मामांनी दोन्ही अंगठ्यांनी तो दाबून बघितला, फळ पिकलंय का बघतात तसा. एका जागी थांबले, पुन्हा दाबला. "हवा जरा काढ, उद्या ऊन हाय," एवढंच म्हणाले. पोराने काढली. मग चेंडू मारुतीपुढे ठेवला, नारळ फोडला आणि गोलकीपरपासून राखीव खेळाडूंपर्यंत सगळे मामांच्या पाया पडले. कुणी भाषण केलं नाही. शाल-श्रीफळ-फेट्याचे पुष्कळ सत्कार मी पाहिलेत, पण पोरं सामन्याआधी ज्याचा हात डोक्यावर घेऊन जातात, त्या माणसाचा मान मला सगळ्यात मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर मामा आमच्याबरोबर होते. गॅलरीत शिरताना तरण्या पोरांनी उठून जागा दिली, समोरच्या पेठेच्या दोन म्हाताऱ्यांनी लांबून हात वर केला. तरुणपणी तेच दोघे मामांना अडवायला असायचे. सामना काटा किर्र झाला. पण मला आठवतं ते मध्यंतर : विरुद्ध संघाचा एक जुना खेळाडू चालत येऊन मामांच्या शेजारी बसला, दोघांनी शेंगा वाटून खाल्ल्या आणि कुठल्यातरी जुन्या पेनल्टीवरून पुन्हा वाद घातला.

आता जाणाऱ्यांसाठी. मोसम साधारण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसएची लीग आधी, मग निरनिराळे चषक. निघण्यापूर्वी स्थानिक वर्तमानपत्रांचं क्रीडा पान बघा, कारण वेळापत्रक बदलतं. बहुतेकदा दिवसाला दोन सामने असतात, दुसरा चारच्या सुमारास, आणि खरी गर्दी त्याला. टोपी आणि पाणी न विसरता घ्या. कोणत्या पेठेचे लोक कुठल्या बाजूला बसतात हे आत शिरतानाच विचारा. चुरशीच्या सामन्यात ईर्ष्या टोकाला जाते, लहान मुलं बरोबर असतील तर गोंगाटापासून दूर, फाटकाजवळ बसा. सामना संपल्यावर जवळच खासबाग मैदानाकडे जा, भेळ खा. शाहू महाराजांनी उभारलेलं ते कुस्तीचं मैदानही बघून घ्या. रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, ते चुकवू नका.

तालमीत मात्र सकाळी जाऊ नका, कुलूप असतं किंवा पोरं व्यायाम करत असतात. संध्याकाळी सातनंतर जा. चप्पल बाहेर काढा, मारुतीला हात जोडा, भिंतीचा फोटो काढण्याआधी विचारा. कुणी नाही म्हणत नाही, पण विचारलेलं आवडतं. ओळख नसेल तर कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचा?" पुढचे दोन तास तुमचे.

आणि वही-पेन्सिल न्या. हे मी कळकळीने सांगतोय. भिंतीवरच्या बऱ्याच फोटोंखाली नाव नाही, साल नाही. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ती नोंद जगभर आहे, कधीही शोधा. पण पेठेसाठी गुडघे फोडून घेतलेल्यांची नोंद फक्त मामांच्या डोक्यात आहे. विश्वचषकाच्या वेळी याच पेठांत मेस्सी-नेमारचे भलेमोठे कटआउट उभे राहतात, त्याचं मला कौतुकच आहे. त्यातल्या एका कटआउटच्या खर्चात सगळ्या फोटोंखाली नावाच्या पट्ट्या लागतील.

निघण्याआधी मी एक जुना संघाचा फोटो खाली उतरवून घेतला. मामा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले, मी लिहीत गेलो. दहा नावं झाली. मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा, जाड भुवयांचा गोलकीपर, तिथे बोट थांबलं. "ह्याला आम्ही घार म्हणायचो," मामा म्हणाले. "खरं नाव... थांबा." कट्ट्यावरच्या चौघांना विचारून झालं, फोन लागले, एकाने आईला हाक मारली. घार सगळ्यांना आठवत होता. नाव कुणालाच नाही.

कागद फोटोमागे चिकटवला आणि अकराव्या ओळीवर 'घार' लिहून पुढे जागा रिकामी सोडली. रात्री गाडीत बसलो तेव्हा त्या पोराचा मेसेज आला : मामा अजून कट्ट्यावर आहेत, उद्या घारच्या बहिणीकडे जाणार म्हणतायत, ती पलीकडच्या गल्लीत राहते.