अंडं मिळेपर्यंत नाव अर्धंच

माझ्या वहीत ‘डेलॉइड रोटिफर, पुढे कळलं नाही’ अशा नोंदी पानोपानी आहेत आणि मला त्या पूर्ण नोंदी वाटतात. रोटिफर म्हणजे पाण्यात आणि ओल्या मॉसमध्ये राहणारा, मायक्रोस्कोपखाली दिसणारा बारीक प्राणी, आणि डेलॉइड हा त्यांचा एक गट. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताचे स्मिअर आणि युरिनचं डिपॉझिट, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, बघते. तिथे रिपोर्टवर दिसलं तेच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही, ही शिस्त पहिल्या नोकरीतच अंगात भिनली. घरी माझा स्वतःचा, अंबाल्याहून मागवलेला मायक्रोस्कोप आहे. त्याखाली चिऱ्याच्या गडग्यावरचं मॉस, आंब्याच्या सालीवरचं दगडफूल, देवळाच्या तळीतलं पाणी असं काय काय येतं, आणि तिथेही मी तोच नियम पाळते. खूप जण फोटो काढतात आणि लगेच खाली दोन शब्दांचं लॅटिन नाव चिकटवतात. त्यातलं पहिलं, प्रजातीचं नाव बऱ्याचदा बरोबर असतं. दुसऱ्यासाठी, म्हणजे नेमक्या जातीसाठी, लागणारा पुरावा त्या फोटोत क्वचितच असतो.

आमच्या सावंतवाडीत पावसाळ्यात गडगे हिरवेगार होतात, पण मॉस मी गोळा करते ते एप्रिल-मेमध्ये, ते तपकिरी होऊन कुरकुरीत झालं की. कागदी पाकिटात घालायचं, वर जागा आणि तारीख लिहायची. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट राहून बुरशी धरते. बघायचं असेल त्याच्या आदल्या रात्री पेट्री डिशमध्ये पावसाच्या पाण्यात उलटं भिजत घालायचं आणि सकाळी पिळायचं. तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब स्लाइडवर घेतला की त्यात हालचाल असतेच. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या, हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतला वाळलेला गाळ असाच भिजवला होता आणि त्यातले जीव चालू लागलेले पाहिले होते. त्याच्या वर्णनावरून ते डेलॉइडच.

ओळख सुरू होते चालीपासून, आणि ती ४एक्स ऑब्जेक्टिव्हवरच होते. घाईने ४०एक्स लावणाऱ्याच्या हातून हीच गोष्ट निसटते. नेमाटोडच्या, म्हणजे बारीक गोल जंताच्या, अंगात फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू असतात, त्यामुळे तो ना लांब होतो ना आखूड, नुसता वळवळतो. डेलॉइड रोटिफर जळवेसारखा टोकं टेकत पुढे सरकतो, मग पाय रोवून थांबतो आणि डोक्यावरची दोन चक्रं उघडतो. गॅस्ट्रोट्रिक पोटावरच्या केसांवर सरळ घसरत जातो आणि त्याच्या शेपटीला दोन फाटे असतात. त्याला एकपेशीय समजून सोडून देणं फार सोपं आहे. टार्डिग्रेड चार जोड्या पायांनी धडपडत असतो. त्याची शेवटची जोडी मागे वळलेली असते, ती मॉसच्या पानाला धरून ठेवायला.

रोटिफर आहे की नाही अशी शंका आलीच तर मी छातीच्या जागी बघते. तिथे सतत धडधडणारा जबडा दिसला की प्रश्न मिटला, तो रोटिफरच. पुढे डेलॉइडमधल्या रोटारिया आणि फिलोडिना या दोन प्रजातींपैकी कोणती हे ठरवायला पायाची बोटं मोजावी लागतात, रोटारियाला तीन आणि फिलोडिनाला चार. प्राणी पाय पूर्ण ताणतो ते निमिषभरच. डोळे असतील तर त्यांची जागाही सांगते: रोटारियाचे पुढे सोंडेच्या टोकाशी, फिलोडिनाचे मागे मेंदूवर. पोटात हलणारं पिल्लू दिसलं तर रोटारियाकडे कल जातो, कारण ती अंडी घालत नाही. बोटं दिसेपर्यंत कितीही वेळ बसायची माझी तयारी असते. कव्हरस्लिपखाली कापसाचे दोन-चार तंतू ठेवले तर प्राणी त्यांत अडकून जरा स्थिर होतो, आणि कडेला व्हॅसलीन लावलं की स्लाइड लवकर सुकत नाही. तरीही बोटं दिसली नाहीत तर ‘डेलॉइड’ एवढंच लिहायचं. डेलॉइडमध्ये आजवर कुणालाही नर सापडलेला नाही. वहीत एवढा एकच शब्द लिहिला तरी केवढी मोठी गोष्ट नोंदली जाते!

माझा जीव मात्र टार्डिग्रेडमध्ये गुंतलाय. १७७३ मध्ये जर्मनीत गोत्झेने त्याला पाण्यातलं छोटं अस्वल म्हटलं आणि तीनच वर्षांनी इटलीत स्पालान्झानीने टार्डिग्रेड हे नाव दिलं. अंतराळात जाऊन आल्याच्या कौतुकापायी त्याला बघायचं कसं हे कुणी सांगतच नाही. आधी पाठ बघायची. पाठीवर चिलखतासारखे पत्रे आणि रंग नारिंगी असेल तर एकिनिस्कस मनात धरून पंजे बघायचे, मोठ्या झालेल्या प्राण्याच्या प्रत्येक पायाला चार सुट्या नख्या असतात. अंग गुळगुळीत असेल तर तोंडाच्या नळीमागच्या घशावर फोकस आणायचा. त्यात छोट्या कठीण कांड्या ओळीने दिसतात. त्या किती, कशा आकाराच्या, यावर बरंच काही ठरतं. लॅबमध्ये तांबड्या पेशी बघून सात-आठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंदाज माझ्या डोळ्यात बसलाय, तो इथे फार उपयोगी पडतो. नाहीतर आयपीसवर लिहिलेल्या फील्ड नंबरला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागायचं. माझ्या आयपीसचा नंबर १८ आहे, म्हणजे ४०एक्सवर दिसणारं वर्तुळ ०.४५ मिलिमीटरचं.

घशात कांड्या नाहीत, तोंडाची नळी रुंद आहे आणि तोंडाभोवती बारीक उंचवटे आहेत, असा प्राणी मिल्नेशियम. तो शिकारी आहे. त्याच्या आतड्यात रोटिफरचे जबडे जसेच्या तसे पडलेले दिसतात, आणि ते दिसले की मी खुर्चीत सरसावून बसते. मिल्नेशियमच्या बाबतीत वर्षानुवर्षं जगभर सगळे बिनदिक्कत ‘मिल्नेशियम टार्डिग्रॅडम’ लिहीत आले. १८४० मध्ये दोयेरने वर्णन केलेली हीच एक जात सगळीकडे आहे असं धरलं जायचं. २०१२ मध्ये त्या जातीचं नव्याने काटेकोर वर्णन झालं आणि एका नावाखाली किती जाती दडल्या होत्या ते पुढे येऊ लागलं. सावंतवाडीच्या गडग्यावरच्या प्राण्याला ते जुनं नाव मी कोणत्या आधारावर देऊ? मी ‘मिल्नेशियम’ लिहिते, पंजांचं चित्र काढते आणि पुढची जागा मोकळी सोडते.

तळीतल्या पाण्यात आकारावर विसंबणं आणखी धोक्याचं. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या रोटिफरच्या कवचाला कधी मागे लांब काटे असतात, कधी नसतात. अॅस्प्लांक्ना हा त्याला खाणारा रोटिफर पाण्यात असला की त्याने सोडलेल्या रसायनामुळे पुढची पिल्लं लांब काटे घेऊनच जन्मतात. आई बिनकाट्याची, लेक काटेरी, आणि जात एकच! म्हणून एकाच प्राण्याचं चित्र काढून माझं भागत नाही, त्याच थेंबातले आणखी चार-पाच बघावे लागतात.

शेजारचा मुलगा मायक्रोस्कोपला डोळा लावून नेहमी विचारतो, “काकी, ह्यां काय गे?” बहुतेक वेळा ते सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्याचं पिल्लू असतं: तीन जोड्या पाय, मध्ये एकच तांबडा डोळा, आणि आईशी कसलंच साम्य नाही. त्याला मी नारूची गोष्ट सांगितली. माझं माहेर घाटावरचं. आजी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिऊ द्यायची नाही. नारूच्या अळ्या सायक्लॉप्स गिळतो आणि तसा सायक्लॉप्स माणसाच्या पोटात गेला की साधारण वर्षाने पायातून हातभर जंत बाहेर पडतो. फडक्यात अडकायचा तो हाच सायक्लॉप्स. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात अशा गाळण्यांचा मोठा वाटा आहे. पोराने त्यानंतर मादीच्या दोन्ही बाजूंच्या अंड्यांच्या पिशव्या स्वतः शोधून दाखवल्या.

अंड्यांवरूनच माझं सध्याचं काम अडलंय. गडग्याच्या सावलीकडच्या बाजूला मॅक्रोबायोटससारखा एक टार्डिग्रेड पुन्हा पुन्हा मिळतोय. मी ज्यांना फोटो पाठवते ते प्राणिशास्त्राचे निवृत्त सर दर वेळी एकच विचारतात, “अगं, अंडं मिळालं का?” या गटातली मादी अंडी टाकलेल्या कातेत न ठेवता मोकळी घालते आणि त्यांच्या कवचावर नक्षीदार उंचवटे असतात. उलट्या ठेवलेल्या पेल्यांसारखे की नुसते टोकदार, त्यांच्या टोकाला चकती आहे की नाही, यावरून जवळजवळच्या जाती वेगळ्या करता येतात. अंडं असतं शंभर मायक्रॉनच्या आसपास, आणि मॉसच्या गाळात मातीचे तेवढेच कण ढीगभर. १०एक्सवर ओळीने सरकत, लॅबमध्ये डिपॉझिट बघते तशी, अख्खी डिश चाळायची. मे महिन्यातल्या पाकिटातलं निम्मं मॉस अजून शिल्लक आहे. त्यातलं थोडं आज भिजत घातलंय.