मित्रराष्ट्रांचा जमाखर्च

गेल्या महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मी आणि माझी भाची शेजारी शेजारी बसलो होतो. लाँच धक्का सोडते तेव्हा माझगाव डॉकमध्ये बांधणी चालू असलेल्या राखाडी युद्धनौका दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर त्यांच्या पलीकडे, उत्तरेला, खाडीवरून गेलेला अटल सेतूही नजरेस पडतो. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने या दोन्हींकडे बोट दाखवून विचारले, "मामा, ही जहाजं आपली आणि तो पूलही आपला, असं आपण म्हणतो. पण पुलासाठी कर्ज जपानचं आणि जहाजाचं इंजिन युक्रेनचं. मग मित्रराष्ट्रं एकमेकांवर अवलंबून असतात म्हणायचं, की एक दुसऱ्यावर अवलंबून असतं म्हणायचं?" इंजिनाच्या आवाजात मी तिला अर्धेमुर्धे उत्तर दिले. माझी सारी नोकरी फोर्टमधील एका बँकेच्या परकीय चलन विभागात गेली, त्यामुळे या प्रश्नाकडे मी खातेवहीच्या बाजूने पाहतो. तिला द्यायचे राहिलेले उत्तर त्याच बाजूने लिहीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत आपण 'मित्रराष्ट्र' हा एकच शब्द दोन वेगळ्या नात्यांसाठी वापरतो. एक नाते लेखी कराराचे असते, ज्यात एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदतीला येण्याचे वचन दिलेले असते. १९४९ साली १२ देशांनी स्थापन केलेली आणि आता ३२ सदस्य असलेली नाटो ही संघटना त्या प्रकारची आहे. दुसरे नाते हितसंबंधांचे आणि परस्पर विश्वासाचे असते, ज्यात असे वचन नसते. भारताचे जपान, फ्रान्स, रशिया, अमेरिका या सर्वांशी असलेले नाते दुसऱ्या प्रकारचे आहे. पण वचन लेखी असले तरी ते वाटते तितके काटेकोर नसते. नाटोच्या पाचव्या कलमात एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल असे म्हटले आहे खरे, परंतु त्यावर कोणती कृती आवश्यक आहे हे प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचे आहे. ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारातही, हल्ला झाल्यास किंवा त्याचा धोका निर्माण झाल्यास दोन्ही देशांनी तातडीने विचारविनिमय करावा, एवढेच बंधन होते. म्हणून करारातील शब्दांपेक्षा रोजचा व्यवहार पाहिला तर अवलंबित्व अधिक नीट समजते.

माझगावात बांधलेली विशाखापट्टणम वर्गाची विनाशिका हे या व्यवहाराचे उत्तम उदाहरण आहे. या वर्गातील चार नौका २०२१ ते २०२५ या काळात नौदलात दाखल झाल्या. त्यांचा आराखडा भारतीय नौदलाचा आणि पोलाद भारतीय आहे. त्यांवरील ब्राह्मोस क्षेपणास्त्र भारत आणि रशिया यांनी मिळून विकसित केले, बराक-८ भारत आणि इस्रायल यांनी मिळून विकसित केले, रडार मूळचे इस्रायली, ७६ मिलिमीटरची तोफ मूळची इटालियन, आणि जहाजाला गती देणारी गॅस टर्बाइन युक्रेनमधील मिकोलाइव्ह शहरातील झोर्या-माशप्रोएक्त या कारखान्याच्या रचनेची आहेत. फेब्रुवारी २०२२ पासून रशिया आणि युक्रेन एकमेकांशी लढत आहेत, आणि आपल्या एकाच जहाजाच्या पोटात एकाचे इंजिन व डेकवर दुसऱ्याच्या भागीदारीतील क्षेपणास्त्र आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रशियातील कॅलिनिनग्राड येथे नौदलात दाखल झालेल्या 'आयएनएस तुशील'ची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. नौका रशियाने बांधली, पण २०१४ नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे बंद केले होते. तेव्हा भारताने ती टर्बाइन युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन रशियाच्या गोदीला पुरवली. दोन भांडलेल्या भावांकडून वाटणीचे सामान गोळा करून घर उभे करावे, तसे हे काम होते, आणि ते ज्यांनी पार पाडले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सोव्हिएत संघाशी असलेल्या व्यवहाराचा मला थोडा प्रत्यक्ष अनुभव आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मी ११ वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवून आम्ही मुले अंधारात बसलेलो असताना, नौदलाच्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला. त्या नौका आणि त्यांवरील क्षेपणास्त्रे दोन्ही सोव्हिएत होती. पुढे १९८२ मध्ये मी बँकेत लागलो तेव्हा त्या मैत्रीची दुसरी बाजू माझ्या टेबलावर आली. आपण शस्त्रे अल्प व्याजाच्या कर्जावर घेत होतो आणि परतफेड रुपयांत करत होतो. त्या रुपयांतून सोव्हिएत संघ आपल्याकडून चहा, औषधे, होजिअरी, कातडी वस्तू खरेदी करत असे. दोन्ही बाजूंना डॉलर वाचत होते, म्हणून दोन्ही बाजू समाधानी होत्या. या व्यवस्थेवर मुंबईतील आणि लुधियानातील कितीतरी छोटे कारखाने उभे होते, आणि त्यांच्या मालकांना मॉस्कोखेरीज दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची गरज कधी भासली नव्हती.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. आमच्या विभागातील त्या वेळची अस्वस्थता मला आजही आठवते: ज्यांची निर्यातीची बिले वर्षानुवर्षे ठरलेल्या दिवशी वटत होती, ते लोक रोज येऊन "साहेब, काही कळलं का?" असे विचारत, आणि आमच्याकडे सांगण्यासारखे काही नसे. तिकडे सैन्यदलांपुढेही तोच प्रश्न होता, कारण एकाच विमानाचे किंवा रणगाड्याचे सुटे भाग बनवणारे कारखाने आता वेगवेगळ्या स्वतंत्र देशांत गेले होते. रुबलचा भाव कोसळल्यावर जुने कर्ज कोणत्या दराने मोजायचे हा वाद जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा मिटला, आणि त्यातील एक भाग ४५ वर्षांच्या बिनव्याजी मुदतीने फेडायचा असे ठरले. ज्या देशाने ते कर्ज दिले होते तो नकाशावर राहिला नाही, पण हप्ते राहिले. एकाच मित्रावर सगळा भार टाकला की त्याच्या वैरापेक्षा त्याचे आजारपण अधिक महाग पडते, हे मी त्या दोन वर्षांत शिकलो. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या आकडेवारीनुसार भारताच्या शस्त्र आयातीतील रशियाचा वाटा २०१०-१४ मधील ७२ टक्क्यांवरून २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला आहे. त्यामागे अनेक कारणे असली तरी त्या काळाची आठवणही त्यात आहे, असे मला वाटते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे पैसा. संरक्षणात हात आखडता घेणाऱ्या मित्राची चर्चा नेहमी होते, पण पैशाचा नळ बंद करणारा मित्र किती परिणामकारक असतो हे १९५६ च्या सुएझ प्रकरणात दिसले. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलसह इजिप्तवर हल्ला केला. अमेरिका ही नाटोमधील त्यांची सर्वांत मोठी सहकारी. तिने त्यांच्याविरुद्ध एकही गोळी झाडली नाही. पौंडावर दबाव वाढून ब्रिटनची गंगाजळी आटू लागली तेव्हा, ब्रिटनने माघार घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत मिळू देणार नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या आयझेनहॉवर सरकारने घेतली. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली, डिसेंबरमध्ये सैन्य परतले, आणि माघारीचे ठरल्यावरच नाणेनिधीतून सुमारे १३० कोटी डॉलरची सोय झाली. ब्रिटनने १९४६ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता तर डिसेंबर २००६ मध्ये फेडला. संरक्षण आणि पैसा ही दोन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही दोन महिन्यांची हकिकत बारकाईने वाचावी.

म्हणजे मोठा देश धनको आणि लहान देश ऋणको, असा सरळ हिशेब आहे का? जपान आणि अमेरिका यांच्याकडे पाहिले तर तो तसा राहत नाही. १९६० च्या सुरक्षा करारानुसार जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशावर हल्ला झाल्यास अमेरिकेने कृती करायची आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या रक्षणाचे तसे बंधन जपानवर नाही. १९७६ पासून जपानने संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याच्या मर्यादेत ठेवण्याचे धोरण घेतले आणि शक्ती उद्योगात लावली. पण तेथून पुढे प्रवाह उलटा वाहतो. अमेरिकी सरकारच्या कर्जरोख्यांचा सर्वांत मोठा परदेशी धारक जपान आहे आणि त्याच्याकडील रोख्यांची किंमत एक लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. अमेरिकेत थेट गुंतवणूक करणाऱ्या देशांतही अलीकडच्या वर्षांत तोच पहिला आहे. शिवाय स्वतःच्या देशाबाहेर अमेरिकेची एकच विमानवाहू नौका कायम तैनात असते, ती जपानमधील योकोसुका बंदरात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जो जामीन राहिला आहे तोच ऋणकोकडून उसनवारी करतो आहे आणि त्याच्याच अंगणात आपली गाडी उभी करतो आहे. अशा दोघांना एकमेकांवर रागावता येते, एकमेकांना सोडता मात्र येत नाही.

रागावणे मात्र घडते, आणि ते गुंतवणुकीच्या बाबतीत अधिक घडते. जपानच्या निप्पॉन स्टील कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये यूएस स्टील ही अमेरिकी कंपनी १४९० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून हा व्यवहार रोखला. ज्या देशात अमेरिकेचे सुमारे ५० हजार सैनिक राहतात, त्या देशाच्या कंपनीच्या हाती पोलाद जाणे सुरक्षेला घातक ठरते, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. जून २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने व्यवहाराला मान्यता दिली, पण महत्त्वाच्या निर्णयांवर नकाराधिकार देणारा 'गोल्डन शेअर' सरकारकडे ठेवून. त्याच वर्षी आयातशुल्क १५ टक्क्यांवर आणण्याच्या वाटाघाटीत जपानने अमेरिकेत ५५ हजार कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची तयारी दाखवली. गुंतवणूक हा एरवी गुंतवणूकदाराचा निर्णय असतो. येथे ती देणे म्हणून आली, आणि मैत्रीत हा बदल लहान नाही. युरोपचेही तेच होत आहे: नाटोच्या सदस्यांनी जून २०२५ मध्ये हेग येथे संरक्षण व त्याच्याशी निगडित खर्च २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेण्याचे मान्य केले, आणि २०२०-२४ या काळात नाटोच्या युरोपीय सदस्यांनी आयात केलेल्या शस्त्रांपैकी ६४ टक्के अमेरिकेची होती.

हे सगळे वाचताना मराठी माणसाला वसई आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीने पेशव्यांच्या रक्षणासाठी सहा पलटणींची तैनाती फौज कायम ठेवायची, तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इतर सत्तांशी कंपनीच्या सल्ल्याशिवाय बोलणी करायची नाहीत, अशी त्याची कलमे होती. शाळेत आम्ही तैनाती फौजेची व्याख्या पाठ केली; तिचा अर्थ मला बँकेत बसल्यावर कळला. फौज परक्याची आणि खर्च आपला, एवढ्याने राज्य बुडतेच असे नाही; दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवरील अमेरिकेच्या कॅम्प हम्फ्रीज या तळाच्या उभारणीचा सुमारे ९० टक्के खर्च सोसला आणि तरीही तो आज स्वतः रणगाडे व तोफा बनवून पोलंडला विकतो. घातक कलम तिसरे होते. दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाही, म्हणजे दुसरा दरवाजाच ठेवायचा नाही, हे ज्या दिवशी मान्य झाले त्या दिवशी पेशवाईचा सौदा संपला. १८१८ हे साल नंतर आले.

म्हणून करारावर दोन सह्या आहेत का, यापेक्षा मी भाचीला तीन गोष्टी तपासायला सांगेन: उद्या हा मित्र आला नाही तर आपले किती दिवस निभावेल, त्याने दिलेली वस्तू बिघडली तर ती आपल्या हातांनी दुरुस्त होईल का, आणि आपण त्याला दिलेली एखादी गोष्ट अशी आहे का की जी थांबली तर त्यालाही झोप लागणार नाही. तुर्कस्तान अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानाचे शेकडो भाग बनवत होता, तरी रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यावर जुलै २०१९ मध्ये त्याला त्या प्रकल्पातून वगळण्यात आले. त्याचे भाग दुसरीकडे बनवणे खर्चिक होते, पण अशक्य नव्हते. तिसरी कसोटी इतकी कठोर असते.

आपल्या खाडीतील दोन वस्तू या कसोट्यांवर मला बऱ्यापैकी उतरलेल्या दिसतात. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामात जपानी आयएचआय आणि कोरियन देवू यांच्याबरोबरीने लार्सन अँड टुब्रो आणि टाटा प्रोजेक्ट्स यांचे अभियंते होते, आणि समुद्रावर ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक, म्हणजे खालून पट्ट्यांनी मजबूत केलेला पुलाचा पोलादी पृष्ठभाग, बसवण्याचे शिक्षण या अभियंत्यांपाशी राहिले आहे. जहाजाच्या इंजिनाचे उत्तर अजून अपुरे आहे. पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने २०२३ मध्ये झोर्या-माशप्रोएक्तच्या भारतीय कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला आहे, म्हणजे या वेळी गुंतवणूक आपल्याकडून निघाली आहे. त्या टर्बाइनच्या पात्यांची दुरुस्ती आणि पुढे त्यांची घडण येथे होऊ लागेल, तेव्हा भाचीला घेऊन मी पुन्हा रेवसच्या लाँचमध्ये बसेन आणि माझगावसमोरून जाताना तिचे राहिलेले उत्तर पुरे करीन.