आधी पिल्लं, शेवटी आयसोलेशन

शनिवार. सकाळपासून पावसाची झड.

पाऊस लागला की आमच्या कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरवर दोन गोष्टी एकदम वाढतात, नवे स्वयंसेवक आणि पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना जुलाबांनी मारणारा विषाणूचा रोग. कॉलेजं सुरू झालेली असतात, पोरं हौसेनं येतात आणि आल्या आल्या हात जातो तो पिल्लांकडेच. माया असावीच, पण तो हात दहा मिनिटांपूर्वी कुठं होता हे आम्हाला आधी कळायला हवं. उद्याच्या नव्या मंडळींसाठी चार गोष्टी आजच लिहून ठेवते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, मग बरी होत आलेली आणि सगळ्यात शेवटी आयसोलेशन, म्हणजे संसर्ग झालेल्यांची वेगळी खोली. उलटं फिरायचं नाही. आयसोलेशनमध्ये गेलेला माणूस त्या दिवशी पिल्लांकडे जात नाही. ‘लांबूनच बघतो’ हेसुद्धा चालत नाही. पार्वोचा विषाणू विष्ठेतून पडतो, बुटाच्या तळव्याला, वायपरच्या रबराला, वाडग्याच्या काठाला लागून पुढं जातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. दाराशी जंतुनाशकाचा ट्रे ठेवला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. चिखलाचे बूट चारदा बुडाले की त्या ट्रेमध्ये गढूळ पाण्यापलीकडे काही उरत नाही. त्यापेक्षा आयसोलेशनचे गमबूट, बादली, झाडू, वायपर वेगळ्या रंगाचे घ्यावेत. रंग दिसला की कुणाला टोकावं लागत नाही.

आता फिनाईल. आपल्याकडे त्याचा वास आला नाही तर फरशी पुसली असं कुणी मानतच नाही. पण पार्वोवर फिनाईल चालत नाही, हाताला लावायचं सॅनिटायझरही नाही. मांजरांच्या खोलीत तर फिनाईल न्यायचंच नाही. पंजे चाटताना पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. पार्वोला लागतं ते हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचं असेल तर १५ लिटर पाण्याला अर्धा लिटर. ब्लीचिंग पावडर असेल तर ताजी, ३० टक्के क्लोरिनची, तेवढ्याच पाण्याला साधारण ८० ग्रॅम. पावसाळ्यात पिशवीचं तोंड उघडं राहिलं की पावडर दमट होते, क्लोरिन उडून जातो आणि आपण नुसता चुना कालवत बसतो. द्रावण रोज नवं करायचं. त्यात ॲसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

हायपो ओतायच्या आधी विष्ठा उचला, साबणानं घासा, पाणी मारा, वायपरनं ओढून काढा. घाणीवरच ओतलं तर क्लोरिन घाणीतच खर्च होतो. नंतर फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. या दहा मिनिटांना कुणाला धीर निघत नाही आणि निम्मी साफसफाई तिथंच फुकट जाते. शेवटी स्वच्छ पाणी मारून फरशी कोरडी. झडीच्या दिवसांत सगळ्यात अवघड हेच.

‘लस दिली होती, तरी कसा झाला?’ हा दर पावसाळ्यातला प्रश्न. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाही निकामी करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून शेल्टरमध्ये पिल्लांना दर दोन आठवड्यांनी डोस देत निदान १६ आठवड्यांच्या वयापर्यंत जावं लागतं. मधल्या खिंडीत रोग गाठतोच. नव्या माणसानं औषधात हात घालू नये, पण बघावं जरूर. पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसलेलं, तोंड पाण्याशी आहे पण पीत नाही, असं पिल्लू दिसलं की लगेच डॉक्टरांना हाक मारायची. रक्ताचे जुलाब दिसेपर्यंत थांबलं तर सलाईनसाठी शीर सापडत नाही.

स्वतःची लस हा माझा हट्टाचा विषय. रेबीजची आगाऊ लस घेतल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, २१ किंवा २८ व्या दिवशी तिसरा. तरीही चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग दवाखाना. आगाऊ लस झालेल्यांना त्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक असे दोन डोस पुरतात, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचावं लागत नाही. पायाला चीर असेल तर पावसाळ्यात गमबूट हवेतच, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो.

बाहेर जाऊन काम करायचं म्हणणाऱ्यांना मी आधी गोवा दाखवते. २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेनं गोवा सरकारबरोबर तिथं गल्लोगल्ली कुत्र्यांचं लसीकरण केलं, देशातले आणि परदेशातले स्वयंसेवक त्यात राबले. जाळी टाकायची, तिची कडा जमिनीला चिकटलेली ठेवायची, जाळीतूनच टोचायचं, रंगाची खूण करायची, फोनवर नोंद आणि सोडून द्यायचं. धरायचं तर १०० पैकी निदान ७० कुत्र्यांना, नाहीतर साखळी तुटत नाही. २०२१ मध्ये गोव्याला रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केलं गेलं. यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे शीतपेटी. २ ते ८ अंश. बाटल्या बर्फाच्या पॅकला थेट टेकल्या की लस गोठते, आणि एकदा गोठलेली लस टाकून द्यायची.

परदेशात आधी व्हिसा बघावा. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस फुकट काम चालतं. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतो. आणि जिथं पाहुण्यांना हत्तीवर बसवतात किंवा आंघोळ घालायला लावतात, तिथं हत्ती दिवसभर गिऱ्हाइकांसाठी उभा असतो. अशा जागेला मी निवारा म्हणणार नाही. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, घरी बसलेल्या आपल्या कितीतरी बायका मांजरीची पिल्लं फॉस्टर करतात, म्हणजे काही दिवस घरी सांभाळतात. दूधपावडर, खाणं, औषध बहुधा शेल्टर देतं. पिल्लू दोन पौंडांचं, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमचं झालं की नसबंदीसाठी परत. तिथंही पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. पाजताना पालथंच धरायचं, उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. वजन रोज, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

उद्या येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल, तर पावसाळाभर आत येऊ नये. दत्तकाचे फोन घ्यायला ऑफिसात माणूस कमीच आहे.